केकवॉक: छापलेली चार कारणं आणि न छापलेलं पाचवं

शनिवारी सकाळी पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांबरोबर मी मतलेख वाचायला बसते. बारा-तेरा जण असतात, प्रत्येकाच्या हातात प्रिंटआउट आणि पेन्सिल, आणि काम एकच की लेखक आपल्याला नेमकं कुठे वळवतोय ती जागा शोधून काढायची. गेली काही वर्षं एक लेख मी प्रत्येक नव्या बॅचला देतेच देते. मुलं सुरुवातीला म्हणतात, मॅडम हा तर किती सरळ लिहिलाय, यात काय शोधायचं, आणि मग दीड तास पुरत नाही. त्या लेखाबद्दल एकदा सगळं सलग लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं.

लेख १३ फेब्रुवारी २००२ चा आहे, वॉशिंग्टन पोस्टमधला, नाव 'केकवॉक इन इराक', लेखक केन अ‍ॅडलमन. तेव्हाची वेळ लक्षात घ्या, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला पाच महिने झालेत, अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता भराभर कोसळलीय, आणि दोनच आठवड्यांपूर्वी धाकट्या बुशनी भाषणात इराक, इराण आणि उत्तर कोरिया यांना एका माळेत ओवलंय. इराकवर हल्ला व्हायला अजून तेरा महिने आहेत, म्हणजे निर्णय उघडपणे झालेला नाही, वातावरण मात्र तापायला लागलंय. अशा वेळी मतलेखाला फार किंमत असते, कारण लोकांचं मत अजून ओल्या मातीसारखं असतं.

अ‍ॅडलमन हा कुणी ऐरागैरा माणूस नव्हे. सत्तरच्या दशकात डोनाल्ड रम्सफेल्ड पहिल्यांदा संरक्षणमंत्री होते तेव्हा हा त्यांचा सहायक, नंतर रेगनच्या काळात शस्त्रनियंत्रण संस्थेचा प्रमुख, आणि लेख लिहिला तेव्हा पेंटॅगॉनच्या सल्लागार मंडळावर. म्हणजे बाहेरून बघणारा तज्ज्ञ आणि आतल्या लोकांचा मित्र, दोन्ही एकाच वेळी. हे दुसरं नातं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता कुणी विचारेल, इराक युद्धावर एवढं लिहिलं गेलं, मग हाच लेख का? इराकचा सत्ताधीश सद्दाम हुसेन अण्वस्त्रं बनवायला अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवतोय असल्या बातम्या घ्या ना, त्या तर चक्क चुकीच्या निघाल्या. बरोबर आहे, ८ सप्टेंबर २००२ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर त्या नळ्यांची बातमी आली आणि त्याच दिवशी बुशच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस टीव्हीवर म्हणाल्या की पुरावा म्हणून अणुस्फोटाचा ढग दिसेपर्यंत थांबायचं नाही आम्हाला. पुढे मे २००४ मध्ये त्या पेपरने स्वतःच आपल्या त्या काळातल्या बातमीदारीबद्दल जाहीर कबुली दिली. पण तो चुकीच्या माहितीचा प्रश्न आहे, माहिती तपासली की सुटतो. मतलेखाचं दुखणं वेगळं असतं. त्यातली एकेक वस्तुस्थिती बरोबर असू शकते आणि तरी लेख तुम्हाला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडू शकतो. अ‍ॅडलमनच्या लेखात तेच झालंय, आणि म्हणून मला तो शिकवायला जास्त मोलाचा वाटतो.

लेखातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य आधी घेऊ, माझ्या मराठीत सांगते: हुसेनची लष्करी ताकद उद्ध्वस्त करणं आणि इराकला मुक्त करणं हे केकवॉक ठरेल असं मला वाटतं. आता यात पेन्सिल कुठे टेकवायची? मुलं लगेच 'केकवॉक'खाली रेघ मारतात. मी म्हणते थांबा, त्याच्या आधीच्या 'आणि'वर या. एका बाजूला लष्कर मोडणं, दुसऱ्या बाजूला देश मुक्त करणं, ही दोन कामं आहेत, त्यांना लागणारी माणसं वेगळी, वेळ वेगळा, हत्यारं वेगळी. पहिलं काम बॉम्बने होतं. दुसऱ्यात पोलीस लागतात, न्यायालयं लागतात, वीज-पाणी लागतं, आणि मुख्य म्हणजे त्या देशातल्या माणसांचा तुमच्यावर विश्वास लागतो. 'आणि'ने दोन्ही एका गाठोड्यात बांधली आणि पुढे अख्खा लेख पुरावे देतो ते फक्त पहिल्याचे. वाचताना आपल्याला वाटतं दोन्हीचे दिले. एका अव्ययावर एवढं ओझं टाकलेलं मी क्वचित पाहिलंय.

मग 'केकवॉक' हा शब्द. आपल्याकडे क्रिकेटच्या बातम्यांमुळे हा सगळ्यांना माहितीय, भारत दुबळ्या टीमशी खेळणार म्हणजे केकवॉक. मराठीत हातचा मळ म्हणू, डाव्या हाताचा खेळ म्हणू. मूळ मात्र वेगळंच आहे, अमेरिकेच्या दक्षिणेत मळ्यांवर राबणारे गुलाम गोऱ्या मालकांच्या नाचाची नक्कल करत चालायचे आणि चांगल्या जोडीला बक्षीस म्हणून केक मिळायचा. लिहिताना हे कुणाच्या डोक्यात असतं असं मी म्हणत नाही. पण शब्द खेळाचा आहे, बक्षिसाचा आहे, आणि तो युद्धाच्या शेजारी ठेवला की युद्धातलं रक्त आपोआप नजरेआड होतं. त्यासाठी वेगळा युक्तिवाद करावाच लागत नाही.

त्याच्यापुढे लगेच चार कारणं येतात, आकडे घालून, आणि ती देण्याआधी लेखक सांगतो की मी साधी आणि जबाबदार कारणं देतोय. एक, मागच्या वेळी हे केकवॉकच होतं. दोन, ते आता आणखी कमजोर झालेत. तीन, आपण आणखी बलवान झालोय. चार, या वेळी आपण खऱ्याने खेळतोय. बस, एवढंच. मोठ्याने वाचून बघा, तबल्यावर ठेका धरल्यासारखं वाटतं, प्रत्येक वाक्य छोटं, दुसरं आणि तिसरं तर एकमेकांचा आरसा. ते कमजोर, आपण बलवान. आपल्याकडे अग्रलेखाची मोठी परंपरा, जोरकस वाक्याला आपण आधी दाद देतो आणि अर्थ नंतर बघतो, त्यामुळे या ठेक्याची ओढ मराठी वाचकाला चांगलीच कळेल.

दोन आणि तीन नंबरवर मी वेळ घालवत नाही, ती साधारण खरीच होती. १९९१ नंतर इराकी सैन्य घटलं होतं, निर्बंधांनी देश खिळखिळा झाला होता, आणि अमेरिकेच्या नेमक्या मारा करणाऱ्या शस्त्रांत मोठी सुधारणा झाली होती. खरी गंमत पहिल्या आणि चौथ्यात आहे.

पहिलं कारण, मागच्या वेळी सोपं गेलं. मागची वेळ म्हणजे १९९१, कुवेत. जमिनीवरची लढाई २४ ते २८ फेब्रुवारी, शंभर तास. लढाईत मेलेले अमेरिकी सैनिक दीडशेच्या आसपास. एवढ्यापुरतं पाहिलं तर सोपं गेलंच. पण का सोपं गेलं? कारण काम छोटं ठेवलं होतं, कुवेतमधून इराकी सैन्य बाहेर काढायचं आणि थांबायचं. थोरले बुश बगदादला गेलेच नाहीत. शिवाय मोहिमेत तीसहून जास्त देश होते आणि अमेरिकेचे एकट्याचे पाच लाखांवर सैनिक होते, तेव्हा 'मागची वेळ' हवी असेल तर तिच्याबरोबर हेही सगळं आलं पाहिजे. आणि कुणासाठी सोपं गेलं हाही प्रश्न आहेच. थोरल्या बुशनी इराकी लोकांना सद्दामला हटवायचं आवाहन केलं होतं, मार्च १९९१ मध्ये दक्षिणेतले शिया आणि उत्तरेतले कुर्द उठले, अमेरिका मध्ये पडली नाही आणि सद्दामने उठाव चिरडला, हजारो माणसं मारली गेली. दक्षिण इराकमधल्या बसऱ्यातल्या माणसाला विचारा मागच्या वेळी काय झालं होतं, तो केकवॉक म्हणणार नाही.

आता चौथं कारण, खऱ्याने खेळतोय. मूळ इंग्रजी वाक्प्रचार गोट्यांच्या खेळातला मानतात, जिंकलेल्या गोट्या परत द्यायच्या नाहीत असा जो डाव असतो तो. म्हणजे या वेळी आपण अर्ध्यावर थांबणार नाही, बगदादपर्यंत जाणार, राजवट काढणार. ठीक आहे. पण हे काम सोपं होण्याचं कारण कसं काय झालं? हे तर काम अवघड होण्याचं कारण आहे! मागच्या वेळी सोपं गेलं कारण आपण थांबलो, आणि या वेळी सोपं जाईल कारण आपण थांबणार नाही, ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिलं आणि चौथं कारण एकमेकांना खातात. वर्गात ही गोष्ट दिसायला मुलांना सरासरी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, आणि ती हुशार मुलं आहेत, मुद्दाम शोधायला बसलेली आहेत. सकाळी चहा पिता पिता पेपर चाळणाऱ्या माणसाला कसं दिसणार?

आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, याला नेमकं नाव आहे. तिथे हेतू म्हणजे दिलेलं कारण, हेत्वाभास म्हणजे फसवं कारण, आणि त्याचे जे पाच प्रकार सांगतात त्यातला एक 'विरुद्ध', म्हणजे असा हेतू की जे सिद्ध करायला निघालात त्याच्या उलटच सिद्ध करतो. शाळेच्या संस्कृतात कुणी हे शिकलं असेल तर 'शब्द नित्य आहे, कारण तो निर्माण होतो' असलं काहीतरी उदाहरण आठवेल. निर्माण होणारी वस्तू नित्य नसते, तेव्हा दिलेल्या कारणानेच दावा पडतो. अ‍ॅडलमनचं चौथं कारण शुद्ध विरुद्ध हेतू आहे, आणि तो लपलाय कुठे, तर आकडे घातलेल्या यादीत. एक-दोन-तीन-चार दिसलं की आपण समजतो चारही कारणं एकाच जातीची, एकाच दिशेने ओढणारी. यादी हे वाटतं तेवढं निष्पाप रूप नाही. मी मुलांना सांगते की यादी दिसली की आकडे खोडा आणि मधे 'कारण' आणि 'तरीही' घालून वाक्यं पुन्हा जोडून बघा, कुठलं जोडता येत नाही ते लगेच कळतं.

आता विरोधकांशी तो कसा वागतो ते बघू, कारण लेखाची खरी कसोटी पूर्वपक्षात लागते. हा लेख मुळात फिलिप गॉर्डन आणि मायकेल ओहॅनलन या दोन अभ्यासकांना उत्तर म्हणून लिहिलेला. त्यांचं म्हणणं होतं की सद्दाम पटकन पडेल असं गृहीत धरू नका, मोठं सैन्य लागेल. अ‍ॅडलमन त्यांच्या हिशोबात फारसा शिरत नाही, तो १९९१ च्या आधीचं एडवर्ड लुटवॉक या विश्लेषकाचं भाकीत काढतो. लुटवॉक तेव्हा म्हणाले होते की ही सगळी आधुनिक यंत्रं असली तरी हजारो सैनिक मारले किंवा जखमी झाल्याशिवाय कुवेत परत मिळणार नाही. आणि मग अ‍ॅडलमन सांगतो, बघा, आमच्या यंत्रांनी कमाल केली. झालं, गॉर्डन-ओहॅनलनचं उत्तर संपलं.

हे लांडगा आला रे आला सारखं आहे. मागच्या वेळी ओरडलात, लांडगा आला नाही, म्हणून आता तुमच्या ओरडण्यात अर्थ नाही. फक्त इथे आधी ओरडणारा एक आणि आता ओरडणारे दुसरेच, नातं एवढंच की सगळे सावध राहा म्हणणारे. एका माणसाच्या चुकीचं बिल अख्ख्या सावध माणसांच्या जमातीवर फाडायचं. आणि त्या गोष्टीत शेवटी लांडगा येतो हे आपल्याला लहानपणापासून माहितीय. पण मला हेही कबूल केलं पाहिजे की ही चाल जोरदार चालते, कारण लुटवॉक खरंच चुकले होते, वाचकाला ते आठवत होतं, आणि आठवणीने मिळालेला पुरावा वाचकाला स्वतःचा वाटतो.

दुसरी चाल मित्रदेशांबद्दलची. तो म्हणतो की १९९१ मध्ये मोठी आंतरराष्ट्रीय आघाडी लागली कारण देशातच एकमत नव्हतं, आता या बुशना वॉशिंग्टनला पटवण्यासाठी फालतू चिल्लर देश गोळा करायची गरज नाही. चिल्लर हा माझा शब्द, पण मूळचा शब्द याच्यापेक्षा सभ्य नाही. इथे आघाडीचा उपयोग काय यावरच पडदा पडला. मित्रदेश म्हणजे शोभेची वस्तू, घरच्यांना पटवायला आणलेली, एवढंच. युद्धानंतर चौकाचौकात उभे राहायला सैनिक कुठून येणार, त्याचा खर्च कोण उचलणार, हे प्रश्न त्या एका विशेषणात बुडाले. याचं पुढे काय झालं ते येतं खाली, आणि त्यात आपलाही देश येतो.

तिसरी जागा मुलांनी मला दाखवली, मला आधी दिसली नव्हती. हे कसं करायचं याची जी यादी तो देतो त्यात अचूक बॉम्बफेक आहे, इराकी फौजांना हालचाल करता येणार नाही असे पट्टे आहेत, आणि मग उत्तरेतल्या कुर्दांना, दक्षिणेतल्या शियांना आणि सद्दामच्या जागोजागच्या विरोधकांना शस्त्रं देणं आहे. मुक्त करायचा म्हणतो त्या देशातली माणसं लेखात येतात ती या वाक्यात, हातात बंदूक घ्यायला. बंदुका दिल्यावर त्या परत कोण घेणार, हे तीन गट नंतर एकाच देशात कसे राहणार, सरकार कुणाचं, याबद्दल लेखात काही येत नाही. एक मुलगी म्हणाली, मॅडम यात युद्ध संपल्यानंतरचा मंगळवार नाहीये. तिचे शब्द मी वहीत लिहून ठेवलेत. तेव्हापासून युद्धावरचा कुठलाही लेख वाचताना मी तो मंगळवार शोधते.

तो मंगळवार कुणी दाखवलाच नव्हता असं नाही. १५ ऑगस्ट २००२ ला वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांचा लेख आला, सद्दामवर हल्ला करू नका अशा सरळ मथळ्याचा. स्कोक्रॉफ्ट म्हणजे १९९१ मध्ये थोरल्या बुशचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, म्हणजे अ‍ॅडलमन ज्या 'मागच्या वेळे'चा दाखला देतो ती ज्यांनी आतून चालवली ते. त्यांनी केकवॉक हाच शब्द उचलून उत्तर दिलं. इराकी सैन्य आपण नक्की हरवू हे ते आधीच मान्य करतात, मग म्हणतात की हे केकवॉक मात्र नसेल, खूप खर्चिक असेल, रक्तपाती असू शकेल, आणि त्यानंतर बहुधा मोठं, लांबलचक लष्करी वास्तव्य करावं लागेल. बघा, अ‍ॅडलमनने 'आणि'ने जे जोडलं होतं ते इथे सोडवून वेगळं केलंय. लढाई जिंकाल, पण पुढे काय?

तरी स्कोक्रॉफ्टचा लेख म्हणजे आदर्श नमुना असं मी शिकवत नाही. सद्दाम कोंडीत सापडला तर महासंहारक शस्त्रं इस्रायलवर सोडेल, इस्रायल अण्वस्त्रांनी उत्तर देईल आणि मध्यपूर्वेत प्रलय येईल अशी भीती त्यांनीही घातली होती. म्हणजे भीतीची भाषा दोन्हीकडे होती, आणि शस्त्रं आहेत हे दोन्हीकडे गृहीत होतं. युद्ध हवं म्हणणारा सांगतो शस्त्रं आहेत म्हणून जा, नको म्हणणारा सांगतो शस्त्रं आहेत म्हणून जाऊ नका. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्याच तपास पथकाने अहवाल दिला की असे साठे नव्हतेच. वादातले दोन्ही पक्ष ज्या गोष्टीवर भांडत नाहीत तिकडे सगळ्यात आधी बघायला हवं, हे मला या दोन लेखांनी शिकवलं.

पुढचा घटनाक्रम बहुतेकांना माहितीय, भराभर सांगते. फेब्रुवारी २००३ मध्ये लष्करप्रमुख जनरल एरिक शिनसेकी यांनी सिनेटच्या समितीसमोर सांगितलं की युद्धानंतर काही लाख सैनिक लागतील, दोनच दिवसांत संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज पार चुकीचा ठरवला. २० मार्चला युद्ध सुरू, ९ एप्रिलला बगदाद पडलं, फिर्दोस चौकातला सद्दामचा पुतळा ओढून पाडला तो सगळ्या जगाने टीव्हीवर बघितला. तीन आठवडे!

आणि दुसऱ्याच दिवशी, १० एप्रिल २००३ ला, त्याच वॉशिंग्टन पोस्टमध्ये अ‍ॅडलमनचा दुसरा लेख, आपल्या केकवॉककडे पुन्हा वळून बघणारा. सूर विजयाचा. ज्यांची भाकितं फसली त्यांची नावं घेतलीत, स्कोक्रॉफ्ट त्यात आहेत, त्यांचा तो प्रलय त्यांच्या तोंडावर मारलाय. हा लेख मी मुलांना पहिला वाचून झाल्यावरच देते, कारण यात एक वाक्य आहे जे वाचून मी पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले होते. तो सांगतो की चौदा महिन्यांपूर्वी मला जो आत्मविश्वास होता तो आला कुठून, तर आता पुन्हा संरक्षणमंत्री असलेल्या रम्सफेल्डकडे मी तीनदा काम केलंय, ते उत्तम योजना आखतील हे मला माहीत होतं, आणि उपाध्यक्ष चेनी आणि वुल्फोवित्झ यांना मी कित्येक वर्षं ओळखतो.

हे पाचवं कारण. हे पहिल्या लेखातल्या चारांत नव्हतं.

मला वाटतं या अख्ख्या प्रकरणाचा गाभा हा आहे. छापलेली चार कारणं वाचकासाठी होती, लेखकाचा स्वतःचा विश्वास तिसऱ्याच गोष्टीवर उभा होता, आपल्या माणसांवर. तो खोटं बोलला का? माझं मत नाही म्हणून आहे. त्याला मनापासून खात्री होती, आणि खात्री असली की माणूस तिला शोभेलशी कारणं जमवतो आणि ती जमवलेली आहेत हे त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणूनच चौथं कारण पहिल्याला खातंय हे त्याला दिसलं नसावं, कारण त्याचं वजन त्या कारणांवर नव्हतंच. आपण वाचक मात्र त्या चार खांबांकडे बघून घर पक्कं आहे म्हणालो.

२००६ मध्ये, इराकमध्ये यादवीसारखी परिस्थिती असताना, अ‍ॅडलमनने व्हॅनिटी फेअर मासिकाशी बोलताना जे सांगितलं ते या साखळीतलं तिसरं टोक आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रूमननंतरची सगळ्यात कर्तबगार सुरक्षा टीम म्हणून मी ज्यांच्याकडे बघत होतो ते लोक महायुद्धानंतरच्या सगळ्यात अकार्यक्षम टीमपैकी एक निघाले, असं तो म्हणाला. आपलं म्हणणं इतक्या उघडपणे मागे घेणारे लोक कमी असतात, त्याचं श्रेय मी त्याला देते. पण नीट बघा त्याने मागे काय घेतलं. पाचवं कारण मागे घेतलं. माणसं चुकीची निघाली म्हणाला. 'आणि'चं काय, शंभर तासांच्या दाखल्याचं काय, त्या मंगळवारचं काय? कितीही कर्तबगार माणसं असती तरी ते प्रश्न होतेच, निदान मला तरी तसंच वाटतं. मे २००३ मध्ये इराकचा कारभार बघणारे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आदेशाने इराकी लष्कर बरखास्त केलं आणि लाखो माणसं बिनपगारी घरी बसली, ही चूक टीमची म्हणता येईल. पण परक्या देशाने येऊन राज्य चालवायचं हे काम मुळात केकवॉक होतं आणि टीमने ते बिघडवलं, हे मला पटत नाही. अमेरिकी सैन्य बाहेर पडलं डिसेंबर २०११ मध्ये. तोवर अमेरिकेचे जवळपास साडेचार हजार सैनिक गेले होते, आणि इराकी नागरिकांच्या मृत्यूंची केवळ नोंद झालेली संख्या एक लाखाच्या वर होती.

आता ते चिल्लर देश. मार्च २००३ मध्ये व्हाइट हाउसने पाठिंबा देणाऱ्या देशांची यादी काढली तेव्हा त्यात स्वतःचं सैन्यच नसलेले पलाऊ आणि मार्शल बेटांसारखे देशही होते. आणि बगदाद पडून तीन महिने होत नाहीत तोच अमेरिका दिल्लीकडे सैन्य मागत होती, एक पूर्ण डिव्हिजन, साधारण सतरा हजार सैनिक, उत्तर इराकसाठी. वाजपेयी सरकारने १४ जुलै २००३ ला नाही म्हणून सांगितलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार केला असता म्हणाले. मराठा, महार अशा पलटणींची घरं आपल्या सातारा-कोल्हापूर-कोकणातल्या गावागावांत आहेत, त्यामुळे हा निर्णय आपल्यासाठी कागदावरचा नव्हता. ज्या कामाला कुणाचीच गरज नव्हती त्या कामाला आता आपली पोरं हवी होती.

आणि भाषेबद्दलच बोलतोय तर संसदेचा ठरावही सांगायला हवा. लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध ठराव केला तो ८ एप्रिल २००३ ला, बगदाद पडायच्या आदल्या दिवशी, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष आपले मनोहर जोशी होते. विरोधकांना कडक शब्द हवा होता, सरकारला अमेरिकेला दुखवायचं नव्हतं, त्यामुळे इंग्रजीत कुठलं क्रियापद वापरायचं यावर अडलं होतं. तोडगा निघाला तो हिंदीतल्या 'निंदा' या शब्दाने. ज्याला कडक अर्थ हवा त्याने तो घ्यावा, ज्याला सौम्य हवा त्याने इंग्रजी भाषांतरात सौम्य शब्द वापरावा. मराठी कानाला तर 'निंदा' आणखीनच मऊ लागतो, आपण निषेध म्हणतो, निंदा आपल्याकडे शेजारीपाजारी करतात. अ‍ॅडलमनच्या 'आणि'ने दोन गोष्टी जोडून फरक लपवला, इथे एकाच शब्दाने दोन अर्थ सांभाळून फरक लपवला. दुसऱ्यात सगळ्यांना माहीत होतं काय चाललंय, म्हणून मला ते कमी खटकतं, पण मुलांमध्ये यावर दरवेळी दोन तट पडतात आणि मी ते पडू देते.

मागच्या बॅचला शेवटी एक काम दिलं होतं. पहिला लेख पुन्हा लिहा, पण फक्त पाचव्या कारणावर, म्हणजे लेखकाला जे खरोखर वाटत होतं तेच लिहायचं, बाकी चार गाळायची. एका मुलाने पहिलं वाक्य लिहून वाचून दाखवलं: इराकचं युद्ध सोपं जाईल असं मला वाटतं, कारण ते जे लोक लढवणार आहेत त्यांच्याबरोबर मी काम केलंय आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. वर्ग थोडा वेळ गप्प बसला. मग मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, पण मग आम्ही का विश्वास ठेवायचा, आम्ही थोडेच ओळखतो त्यांना? तो मुलगा म्हणाला, अगं तेच तर, मला दुसरं वाक्यच सुचेना, आणि त्याने कागद तसाच माझ्या टेबलावर आणून ठेवला.